गढी पडते, बंगला उठतो: सत्ता जुन्यांकडून नव्यांकडे कशी जाते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडं चोपडा-यावल पट्ट्यात संध्याकाळी अभ्यासिकेतली पोरं चहाला बाहेर आली की विषय फिरून फिरून एकाच जागी येतो. काल-परवापर्यंत ज्या घरच्या माणसाला विचारल्याशिवाय गावात पान हलत नव्हतं त्या घराकडं आज कोणी वळूनही बघत नाही, आणि ज्याला कोणी ओळखत नव्हतं त्याच्या दारापुढं सकाळी आठलाच गाड्या लागलेल्या असतात, तर हे होतं कसं? मी बरीच वर्षं राज्यशास्त्र शिकवतोय आणि माझा आजा एका बड्या घरी सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी होता, त्यामुळं हा विषय मला पुस्तकातून आणि घरातून असा दोन्हीकडून माहीत आहे. पोरांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न एकत्र करून इथं टाकतोय.

अभिजन अभिजन म्हणतात ते नेमके कोण? श्रीमंत लोक का?

नुसता पैसा असून भागत नाही. ज्यांच्या हो-नाहीवर दुसऱ्यांची कामं अडतात किंवा सुटतात असे थोडे लोक म्हणजे अभिजन. गावात एखाद्याकडं चाळीस एकर केळी असेल, पण पीककर्जाच्या यादीत नाव घालायचं तर त्यालाही विकास सोसायटीच्या चेअरमनकडं जावं लागतं, तर त्या बाबतीत चेअरमन मोठा. शिक्षण संस्थेचा अध्यक्ष स्वतः कमी शिकलेला असेल पण त्याच्या सहीशिवाय मास्तरची नेमणूक होत नाही. बाजार समितीचा सभापती, मोठा कंत्राटदार, जमिनीचं प्लॉटिंग करणारा, आमदाराचा खास माणूस, हे सगळे त्यातच आले. पूर्वी ही जागा पाटील, देशमुख, कुलकर्णी, सावकार यांची होती. माणसं बदलली, घरं बदलली, पण ती जागा रिकामी कधी दिसत नाही.

हे पहिल्यांदा मांडलं कोणी?

आपल्या अभ्यासक्रमात विल्फ्रेडो परेटोचं नाव येतं. हा इटालियन माणूस, जन्म १८४८ चा, पॅरिसमधला. आधी इंजिनिअर म्हणून रेल्वे कंपनीत आणि लोखंडाच्या कारखान्यात नोकरी केली आणि मग स्वित्झर्लंडमध्ये लोझानला अर्थशास्त्राचा प्रोफेसर झाला. त्याचं म्हणणं असं की सत्ता कायम थोड्यांच्याच हातात असते, फक्त ते थोडे बदलत राहतात, वरचे खाली जातात आणि खालचे हुशार-धडाडीचे वर येतात. यालाच पुस्तकात अभिजनांचं अभिसरण म्हणतात. सिसिलीचा गाएतानो मोस्का त्याच्याही थोडा आधी बोलला होता की थोडे असूनही ते जिंकतात कारण ते संघटित असतात आणि बाकीचे विखुरलेले असतात. ग्रामसभेला कधी बसला असाल तर हे पटायला वेळ लागत नाही, तीनशे माणसं उन्हात उभी असतात आणि सात जण आधीच रात्री ठरवून आलेले असतात.

पण मला विचाराल तर या दोघांच्याही पाचशे वर्षं आधी ट्युनिसला जन्मलेल्या इब्न खल्दूननं १३७७ ला जे लिहिलं ते जास्त मुळाशी जाणारं आहे. तो म्हणतो, वाळवंटातून किंवा डोंगरातून येणाऱ्या टोळीत एकमेकांसाठी मरायची तयारी असते, त्या जोरावर ते शहर जिंकतात, आणि मग शहरातलं सुख त्यांचा तो एकोपाच खाऊन टाकतं. साधारण तीन पिढ्यांत जोर संपतो, तोवर बाहेर दुसरी कुणीतरी उपाशी आणि एकजुटीची मंडळी तयार झालेली असते.

तीन पिढ्यांचं गणित खरंच लागू पडतं का?

तंतोतंत नाही, पण आसपास बघा. आमच्या गावच्या गढीचं सांगतो. पहिला माणूस स्वतः बांधावर उभा राहायचा आणि कोणत्या वावरात किती पायली बाजरी झाली हे त्याला तोंडपाठ असायचं. दुसऱ्यानं कारभार दिवाणजीवर सोडला पण निदान दिवाणजीला ओरडायचा तरी. तिसरा पुण्याला शिकला, चांगला माणूस होता, गरिबाला पैसे द्यायचा, कोणाला हाकलून देणं त्याच्यानं झालं नाही, पण आपली जमीन कुठल्या शिवारात आहे तेसुद्धा त्याला दाखवावं लागायचं. आता गढीच्या पांढऱ्या मातीवर बाभळी आहेत आणि दगड लोकांच्या घरांच्या पायात गेले. माझा आजा याच घरी सालदार होता, दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याचं साल ठरायचं, आणि तो सांगायचा की पहिल्या मालकाची भीती वाटायची, दुसऱ्याचा राग यायचा आणि तिसऱ्याची दया यायची. परेटो हेच सांगतो: जुने अभिजन मऊ होतात, जोर लावायची त्यांची तयारी जाते पण हक्काचा वाटा सोडायची तयारी नसते, आणि या दोन गोष्टी एकाच वेळी आल्या की दिवस भरले म्हणून समजा.

ते सिंह आणि कोल्हे काय प्रकरण आहे?

मॅकियाव्हेली म्हणायचा की राजाला सिंहही होता आलं पाहिजे आणि कोल्हाही. परेटोनं त्यावरून अभिजनांचे दोन स्वभाव केले. सिंह म्हणजे जोरावर, शिस्तीवर आणि परंपरेवर चालणारे. कोल्हे म्हणजे डोकं, जुळवाजुळव, आश्वासनं आणि फोडाफोडी यावर चालणारे. फक्त सिंह उरले की राज्य आडमुठं होतं, फक्त कोल्हे उरले की एक दिवस कोणीतरी लाठी घेऊन येतं आणि यांच्याकडं लाठी उचलायला माणूस नसतो.

याचं उदाहरण आपल्याच खानदेशात आहे आणि ते फारसं शिकवलं जात नाही याचं मला फार वाईट वाटतं. मलिक राजा फारुकीला फिरोज तुघलकाकडून १३७० ला थाळनेरची जहागीर मिळाली, हेच आपलं शिरपूर तालुक्यातलं तापीकाठचं थाळनेर. दिल्लीची पकड सैल झाल्यावर १३८२ ला तो स्वतंत्र झाला. त्याच्या मुलाची, नासिर खानाची नजर असीरगडावर होती. तिथं आसा अहिर नावाचा मोठा पशुपालक राहायचा, जनावरं भरपूर, दुष्काळात लोकांना धान्य देणारा, म्हणजे त्या मुलखातला जुना वजनदार माणूस. फारसी तवारिखेत, म्हणजे इतिहासाच्या ग्रंथात, गोष्ट अशी येते की नासिर खानानं त्याला निरोप पाठवला, शेजारचे राजे माझ्यावर उठलेत तर माझ्या बायका-मुलांना तुझ्या गडावर आसरा दे. आसानं मोठ्या मनानं हो म्हटलं. डोल्या वर गेल्या आणि त्यातून हत्यारबंद शिपाई उतरले, स्वागताला आलेला आसा आणि त्याची मुलं मारली गेली. गड फारुकींचा झाला.

आता पुढचं बघा. त्याच असीरगडात फारुकींचा शेवटचा सुलतान बहादूर शाह बसलेला असताना अकबरानं वेढा घातला. गड इतका बेलाग की तोफांनी पडेना, महिने गेले, मग वाटाघाटी, आतली माणसं फोडणं, हे सगळं झालं आणि जानेवारी १६०१ मध्ये गड मोगलांकडं गेला. जी युक्ती करून आत शिरले तसल्याच युक्तीनं बाहेर पडले, मध्ये दोनशे वर्षं गेली. बऱ्हाणपूरवरून खंडव्याला जाणारे लोक त्या गडाकडं बघत पुढं जातात, कधी उतरून वर जा.

जुन्यांना पाडल्याशिवाय नवे येतच नाहीत का?

उलट बऱ्याचदा कोणी कोणाला पाडत नाही, सत्ता काम करणाऱ्याच्या हाताकडं घसरत जाते. शाहू महाराजांनी १७१३ ला बाळाजी विश्वनाथांना पेशवा केलं तेव्हा पेशवा हा नोकर होता. १७५० ला सांगोल्याला छत्रपतींचे अधिकार पेशव्यांना देणारा करार होईपर्यंत कारभार पुरता पुण्याला आला. आणि पुण्यातही पुढं पेशवा अल्पवयीन असताना सगळं चालवलं ते नाना फडणवीसांनी, ज्यांचं मूळ काम हिशेब ठेवण्याचं. शिक्का छत्रपतींचाच राहिला, गादी साताऱ्यालाच राहिली, फक्त कागद आधी कोणापुढं जातो हे बदललं. आजही एखाद्या पुढाऱ्याची खरी ताकद बघायची असेल तर त्याच्या पीएकडं बघा.

खानदेशातून वर आलेल्या माणसाचं एक उदाहरण सांगा ना.

मल्हारराव होळकर. जन्म १६९३ चा, जेजुरीजवळच्या होळ गावचा, पण वडील लवकर गेले म्हणून आई त्यांना घेऊन भावाकडं आली, आपल्या नंदुरबारकडच्या तळोद्याला. मामा भोजराज बारगळ, पदरी थोडं घोडदळ बाळगून होते. पोरगं आधी मेंढ्या राखायचं, मग मामाच्या घोडेस्वारांत गेलं. हे घोडदळ होतं कदम बांडे सरदारांच्या चाकरीत, त्या वेळी खानदेशात आणि गुजरातच्या बाजूला कदम बांड्यांचा दबदबा होता. म्हणजे शिडी कशी आहे बघा: मेंढपाळ पोरगा, त्याच्यावर मामा, मामाच्या वर सरदार, सरदाराच्या वर आणखी कोणी.

मल्हाररावांनी एक गोष्ट ओळखली की आपला सरदार आहे तिथंच राहणार आहे आणि खरी वाढ बाजीराव पेशव्यांकडं आहे कारण तिथं नव्या माणसाला वाव आहे. बाजीरावांनाही जुन्या, मानापानात अडकलेल्या सरदारांपेक्षा अशी माणसं हवी होती ज्यांचं सगळं भलं-बुरं आपल्याच हातात आहे. वरच्याला जुन्यांविरुद्ध आधार हवा होता, खालच्याला वर यायचं होतं, दोघांचं जमलं. १७३० नंतरच्या माळव्यात होळकर हे नाव शिंद्यांच्या बरोबरीनं घेतलं जाऊ लागलं आणि ज्यांच्या पदरी सुरुवात केली ते कदम बांडे मागं पडले. होळकरांच्या निशाणाचा तांबडा-पांढरा रंगसुद्धा बांड्यांकडून आला असं सांगतात. मला यात खूप अर्थ दिसतो, नवा माणूस जुन्याला मागं टाकतो पण त्याचा झेंडा, त्याची ऐट, बोलायची पद्धत, लग्नाचा थाट हे सगळं त्याच्याकडूनच उचलतो.

माझ्या मते या सगळ्या विषयात लक्षात ठेवायची गोष्ट ही आहे. नवे अभिजन जवळजवळ नेहमी जुन्यांच्या अंगणातच वाढतात. अगदी तळातला माणूस एका उडीत वर जात नाही. दिवाणजी, कारकून, पथकातला स्वार, सोसायटीचा सेक्रेटरी, आमदाराचा ड्रायव्हर, म्हणजे ज्याला जुन्या घराची आतली कळ माहीत आहे पण त्या घराच्या पंगतीत ज्याला पाट मिळत नाही, तो माणूस.

इंग्रजांनी काय केलं?

महिदपूरच्या लढाईत होळकर इंग्रजांकडून हरले, त्यानंतर जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरचा तह झाला आणि होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख सोडला, खानदेश कंपनीकडं गेला. वरचे पूर्ण बदलले. पण डोंगरातले भिल नाईक, ज्यांच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या घाटांच्या रखवालीचे हक्क होते, ते काही केल्या ऐकेनात. नुसत्या बंदुकीनं जमेना तेव्हा १८२५ ला जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्यानं धरणगावला भिल पलटण उभी केली. ज्यांच्याशी लढायचं त्यांच्यातल्याच धडाडीच्या पोरांना गणवेश आणि पगार दिला. खालून वर येऊ शकणाऱ्याला आपल्यात ओढून घेणं हा सत्तेतल्या माणसाचा फार जुना आणि फार यशस्वी उपाय आहे, त्यानं खालच्या गर्दीचा पुढारीच कमी होतो.

पण हा उपाय अर्धवट केला की उलटतो. खाज्या नाईक सेंधव्याच्या घाटात इंग्रजांच्याच चाकरीत रखवाली करायचा. त्याला शिक्षा झाली, नोकरी गेली, १८५७ ला गरज पडली म्हणून परत बोलावलं आणि तो उठावात उतरला. १८५८ ला अंबापाणीची मोठी लढाई झाली. आत घेऊन बाहेर ढकललेला माणूस हा कधीच आत न आलेल्यापेक्षा जास्त अवघड जातो.

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडं कोण गेलं आणि कोण आलं?

डिसेंबर १९३६ ला फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं, खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. आपल्याकडं त्याची आठवण अभिमानानं निघते आणि निघावीच. पण त्याकडं आणखी एका नजरेनं बघा, तोवर काँग्रेस म्हणजे शहरातले वकील-डॉक्टर, आणि इथं बैलगाड्या, बांबूचे मंडप, खेड्यातली माणसं राबताहेत. शेतकरी समाजातला शिकलेला माणूस राजकारणाच्या मांडवात आला तो असा, आणि धनाजी नाना चौधरींसारखी इथली माणसं त्यात पुढं होती.

मग कायदे आले आणि हे फार महत्त्वाचं आहे, कारण जुन्यांच्या पायाखालची माती कायद्यानं काढली. कुलकर्णी-परगणा वतनं १९५० च्या कायद्यानं गेली. कूळ कायद्यात १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला, कसणारा कूळ जमिनीचा मालक. महसुली पाटीलकी १९६२ च्या कायद्यानं संपली. आणि त्याच वर्षी १ मे ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या, सहकारी संस्थांचा कायदा १९६० चा. म्हणजे दहा-बारा वर्षांत वतन, सावकारी आणि परगावच्या मालकाची जमीन ही जुनी तीन हत्यारं बोथट झाली आणि सोसायटीचं कर्ज, जिल्हा परिषदेचं काम, संस्थेची नोकरी ही नवी तीन हत्यारं हाती आली. ज्याच्याकडं विहीर होती, मोटार बसवायला पैसा होता आणि घरात एक मॅट्रिक पास पोरगा होता तो या नव्या रांगेत पहिला उभा राहिला. सावदा-रावेरच्या स्टेशनवरून केळीचे वॅगन दिल्लीकडं निघू लागले आणि गावातलं वजन गढीवरून मळ्याकडं गेलं.

माझ्या बापाला याच काळात पहिल्यांदा सोसायटीचा सभासद व्हायचं होतं. आजा सालदार, पण बापानं दोन एकर जमीन केली होती. अर्ज तीन वर्षं फिरवला. फिरवणारे सगळे कूळ कायद्यानं मालक झालेल्या घरातले होते, त्यांच्या आज्यांनी तेच भोगलेलं होतं. या गोष्टीचा मला आजही राग आहे आणि मी हा विषय शिकवायला घेतला त्यामागं तो राग आहे हे मी लपवत नाही.

मग सामान्य माणूस फक्त बघ्याच असतो का?

परेटो जवळजवळ तसंच म्हणतो, नवे अभिजन गरिबांच्या नावानं ओरडतात, लोक त्यांच्यामागं जातात आणि नवे बसले की लोक पुन्हा पायरीवर. यातलं अर्धं मला पटतं.

अर्धं का पटत नाही तर शहादा. १९७० च्या सुरुवातीला शहादा-तळोदा भागात भिल शेतमजुरांची चळवळ उभी राहिली, अंबरसिंग सुरतवंती हे त्यांच्यातलेच, गावोगाव भजनातून आणि बोलण्यातून माणसं जोडणारे. १९७२ ला श्रमिक संघटना झाली, बाहेरून आलेले शिकलेले कार्यकर्तेही त्यात होते. मागण्या काय, तर गेलेली जमीन परत, मजुरी नीट, सालदाराला माणसासारखं वागवा. बायकांनी दारूविरुद्ध मोर्चे काढले. या चळवळीतून कोणी मोठा सत्ताधीश झाला नाही. पण आदिवासींच्या बिगर आदिवासींकडं गेलेल्या जमिनी परत करण्याचा १९७४ चा कायदा राज्यात आला, तो अशा ठिकठिकाणच्या दबावाशिवाय आला असता असं मला वाटत नाही. खुर्ची न मिळवता खुर्चीवरच्याचा हात धरता येतो, हे परेटोच्या मांडणीत नीट बसत नाही.

क्रांती झाली तर सगळंच बदलतं ना?

फ्रान्समध्ये ४ ऑगस्ट १७८९ च्या एका रात्रीत सरदारांचे जुने हक्क रद्द करायचं ठरलं. पुढं आले ते बहुतेक वकील, रोबेस्पिअरसुद्धा अरास गावचा वकीलच. आणि १८०८ ला, वीस वर्षंही झाली नव्हती, नेपोलियननं नवे ड्यूक आणि काउंट नेमायला सुरुवात केली, त्यात क्रांतीत वर आलेले सेनापती होते. पण शेतकऱ्याच्या डोक्यावरचे ते जुने सरंजामी कर काही परत आले नाहीत. म्हणजे वरची घरं पुन्हा भरली, खालचं ओझं मात्र थोडं कमी झालं ते झालंच. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एक सांगून दुसरी लपवणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

चळवळीतल्या संघटनासुद्धा अशाच होतात का?

रॉबर्ट मिशेल्सनं १९११ ला जर्मनीच्या समाजवादी पक्षाकडं बघून हेच लिहिलं. कामगारांचा पक्ष, समतेची भाषा, पण संघटना मोठी झाली की ऑफिस लागतं, पगारी माणूस लागतो, ज्याला फाइल कळते तोच बोलतो, आणि हळूहळू पक्ष वाचवणं हेच पक्षाचं काम होतं. गावातल्या दूध डेअरीपासून गणेश मंडळापर्यंत कुठंही बघा.

मग लोकशाहीला काही अर्थ नाही असंच हे लोक म्हणतात का?

इथं सावध राहा. हाच मिशेल्स पुढं मुसोलिनीच्या पक्षात गेला. आणि तसाच विचार मांडणारा मोस्का, जो तरुणपणी संसदेवर सडकून टीका करायचा, तो १९२५ ला इटलीच्या सिनेटमध्ये मुसोलिनीच्या हाती सत्ता देणाऱ्या कायद्याविरुद्ध म्हातारपणी उभा राहून बोलला. थोडेच राज्य करतात हे मान्य केल्यावर दोन रस्ते फुटतात. एक म्हणजे मग एकालाच देऊन टाका. दुसरा म्हणजे ते थोडे एकमेकांवर नजर ठेवतील आणि नव्यांना आत यायला वाट राहील अशी व्यवस्था सांभाळा. मी मोस्काच्या बाजूचा आहे.

दार बंदच केलं तर जुने टिकतात का?

काही काळ चांगले टिकतात. व्हेनिसनं १२९७ ला महासभेचं सभासदत्व ठरावीक घराण्यांपुरतं करून टाकलं आणि ते प्रजासत्ताक १७९७ ला नेपोलियन येईपर्यंत चाललं. पण घराण्यांतली माणसं घटत गेली, बरीचशी कंगाल झाली, सतराव्या शतकात लढायांना पैसा लागला तेव्हा सभासदत्व विकायची वेळ आली. शेवटी राज्य गेलं तेव्हा लढण्याची ताकदच उरली नव्हती.

आमदार-खासदार बदलतात म्हणजे अभिजन बदलतात का?

नाव बदलणं वेगळं, घर बदलणं वेगळं आणि थर बदलणं वेगळं. नंदुरबार लोकसभा बघा, आदिवासींसाठी राखीव. माणिकराव गावित १९८१ पासून सलग ९ वेळा निवडून आले, २०१४ ला हिना गावितांनी त्यांचा पराभव केला, त्या तरुण डॉक्टर, पण वडील विजयकुमार गावित आधीच मंत्री राहिलेले. २०२४ ला गोवाल पाडवी निवडून आले, तेही तरुण, पेशानं वकील, वडील के. सी. पाडवी माजी मंत्री. यात कोणावर टीका नाही, लोकांनी मतं दिली आहेत. सांगायचं एवढंच की पक्ष बदलला, पिढी बदलली, शिक्षण वाढलं, पण स्पर्धा आधीच वर आलेल्या घरांमध्येच झाली. आरक्षणानं एक मोठी गोष्ट केली की जो समाज बाहेर होता त्यातून अभिजन तयार झाले. त्या समाजाच्या आत पुढं काय होतं ते आरक्षण ठरवत नाही.

आणि महिला सरपंच?

७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू, महाराष्ट्रात २०११ ला महिलांचं आरक्षण ५० टक्के झालं. सुरुवातीला सही बाईची आणि कारभार नवऱ्याचा हे सगळ्यांनी पाहिलंय. पण वर नाना फडणवीसांचं सांगितलं ते इथंही लागू होतं, कागद ज्याच्या हातून जातो तो शिकतो. पहिल्या खेपेला गप्प बसलेली बाई दुसऱ्या खेपेला बीडीओला, म्हणजे गटविकास अधिकाऱ्याला, फोन लावते, हे मी माझ्या भाचीच्या सासरी डोळ्यांनी पाहिलंय, आणि घरातल्या पुरुषांना ते आवडलं नव्हतं. म्हणूनच दाराच्या नियमांवर एवढी भांडणं होतात. थेट जनतेतून सरपंच निवडायचं २०१७ ला ठरलं, २०२० ला रद्द झालं, २०२२ ला परत आलं. पाच वर्षांत तीनदा बदल, कारण सरपंच लोकांनी निवडायचा की सदस्यांनी यावर गावात कोणाचं वजन राहणार हे ठरतं.

आम्ही एवढे शिकलो पण जागाच नाहीत, याचा या विषयाशी संबंध आहे का?

फार जवळचा आहे आणि हा प्रश्न विचारताना पोरांचा आवाज बदलतो. पीटर टर्चिन नावाचा अभ्यासक म्हणतो की वर जायची लायकी आणि इच्छा असलेली माणसं जास्त झाली आणि जागा तेवढ्याच राहिल्या की समाज अस्वस्थ होतो. २०१० लाच त्यानं लिहून ठेवलं होतं की २०२० च्या आसपास अमेरिकेत अशांतता वाढेल. आपल्याकडं गावागावात अभ्यासिका आहेत, एकेका घरात डीएड, बीएड, एमए झालेली दोन-दोन पोरं आहेत, जमीन वाटण्या होऊन दोन-तीन एकरावर आली, एमपीएससीच्या जागा मोजक्या. नापास झालेला पोरगा मूर्ख नसतो, त्याला कायदा कळतो, माहिती अधिकाराचा अर्ज लिहिता येतो, चार लोकांपुढं बोलता येतं. उद्याचे पुढारी याच पोरांतून निघतील आणि आजचे पुढारी त्यांना आत्ताच कार्यकर्ता म्हणून दुचाकीत पेट्रोल टाकून देताहेत, ती भिल पलटणीचीच युक्ती आहे. पोरांनो, पेट्रोल घेताना हे माहीत असू द्या.

आमच्या गावात नवे आलेत की जुनेच आहेत हे कसं ओळखायचं?

निवडणुकीच्या निकालावरून नाही. विकास सोसायटीची मतदार यादी मागवा आणि बघा, गेल्या दहा वर्षांत नवे सभासद किती झाले, कोणत्या गल्लीतले झाले, आणि सालदाराच्या, मजुराच्या घरातून ज्यानं दोन एकर केले त्याचा अर्ज किती दिवसांत मंजूर झाला. ग्रामपंचायतीची कामं कोणाच्या नावावर निघतात ते बघा. शाळेत नेमणुका कोणाच्या झाल्या ते बघा. माझा बाप शेवटी सोसायटीचा सभासद झाला, पुढं एकदा संचालकही झाला. त्या वेळी वाडीतल्या एका भिल माणसाचा अर्ज पुढं आला तेव्हा बैठकीत कोणीतरी म्हणालं की पुढच्या महिन्यात बघू, आणि बाप गप्प बसला. घरी येऊन त्यानं हे मला सांगितलं, जेवला नाही त्या रात्री. पुढच्या बैठकीत त्यानं स्वतः तो अर्ज टेबलावर ठेवला.